टॉप एन्ड किती?

गाडी घेऊन परवा तीन महिने झाले. या तीन महिन्यांत हापिसाच्या पार्किंगमध्ये, सोसायटीच्या गेटवर, सिग्नलला आणि पौड रोडच्या टपरीवर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "टॉप एन्ड किती रे?" त्याच्या खालोखाल "पिकअप कसाय?" आणि तिसऱ्या नंबरला अर्थातच आपला राष्ट्रीय प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?"

ब्रेक कसे आहेत, हे आजवर फक्त एका माणसानं विचारलं. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

तर मंडळी, हा वीकांत टॉप एन्डवाल्यांच्या नावे. दीडशे सीसीवरून चारशेच्या आसपासच्या नेकेड बाईकवर जायचा विचार करत असाल (आमच्या टीममध्ये सध्या चारजण करतायत, म्हणून तर हा उपद्व्याप), तर माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. मोठी गाडी जरूर घ्या, पण ती पळते किती हे बघून नको, थांबते कशी हे बघून घ्या.

हे शहाणपण मला जन्मजात नव्हतं. ते ताम्हिणीत मिळालं.

२०२४ चा जुलै. माझी जुनी दीडशे सीसीची गाडी, २०१७ चं मॉडेल, एबीएस नाही. मागे धाकटा भाऊ. मुळशीच्या पुढे रिपरिप पाऊस, धबधब्यांपाशी ही गर्दी, आणि एका वळणावर समोरून एसटी. काही विशेष नव्हतं, ती तिच्या बाजूनं येत होती. मीच वळणात जरा बाहेर गेलो होतो. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, चाक लॉक झालं आणि गाडी आमच्या आधी आडवी झाली. मला खरचटलं. भावाचं उजवं मनगट मोडलं. त्याच्या डोक्यावर माझं जुनं हेल्मेट होतं, हातात ग्लोव्हज नव्हते. कारण घरात ग्लोव्हजचा जोड एकच होता आणि तो मी घातला होता.

चूक गाडीची नव्हती. मागचं टायर गोटा झालं होतं ते मला माहीत होतं, "या महिन्यात बदलू" म्हणून दोन महिने काढले होते. वळण मी चुकीचं घेतलं आणि ब्रेक मी चुकीचा दाबला. पण माणूस चुकणार हे धरून डिझाईन करायचं, हे आपण हापिसात रोज करतो की नाही? युजर चुकीचं बटण दाबणारच, म्हणून आपण त्याला "नक्की डिलीट करू का?" असं विचारतो. एबीएस म्हणजे दुसरं काय? चाक थांबतंय असं सेन्सरला कळलं की ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडायचा आणि पुन्हा धरायचा, म्हणजे चाक फिरत राहतं आणि हँडल तुमच्या ताब्यात राहतं. घाबरलेल्या माणसाच्या बोटांना हे जमत नाही. माझ्या तरी नाही जमलं.

आता थोडं गणित. (पळू नका, बारावीचंच आहे.) ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. काहीतरी आडवं आलं, ते डोळ्याला दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर उत्तम ब्रेक लावलात तर आणखी १८ मीटर. एकूण झाले साधारण ३४-३५. हाच हिशोब ताशी १०० ला केला तर पहिल्या सेकंदातच २८ मीटर गेले, आणि थांबायला वर ४९. एकूण ७७. वेग दुप्पटसुद्धा झाला नाही, अंतर मात्र दुपटीच्या वर गेलं, कारण वेगाचा वर्ग होतो.

याच्या पुढचा आकडा मी काढला तेव्हा दोनदा तपासला. जिथे ६० वाला पूर्ण थांबलेला असतो, बरोबर त्याच जागी १०० वाला किती वेगात असतो? ताशी ९३! म्हणजे त्यानं ब्रेक नुकता कुठे लावायला घेतलेला असतो. आता सांगा, टॉप एन्ड १६० आहे का १७० या माहितीचं काय लोणचं घालायचंय? पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, आणि साध्या चौपदरी महामार्गावर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीला मर्यादा ८० ची आहे.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक खुशीत येतील. "मग कशाला घेतलीस? दीडशे काय वाईट होती?" माझ्या आईचा युक्तिवाद तर याहून धारदार होता. "एवढे पैसे घालून पडायचंच आहे, तर आहे त्याच गाडीवरून पड की!"

आईपुढे काही बोललो नाही. तुम्हाला उत्तर देतो. घाटात दोघं बसलेले असताना ट्रकला ओव्हरटेक करायचं, तर दीडशेची गाडी समोरच्या लेनमध्ये फार वेळ लटकत राहते. चारशेची तेच काम निम्म्याहून कमी वेळात उरकते. तो वाचलेला वेळ म्हणजे सेफ्टीच. शिवाय या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना दोन्ही चाकांवर एबीएस, मोठी डिस्क आणि रुंद रेडियल टायर असतात. कायद्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण फक्त पुढच्या चाकाला दिलं तरी कायद्याचं समाधान होतं. तेव्हा शोरूममध्ये नुसतं "एबीएस आहे ना?" असं विचारू नका, "दोन्ही चाकांना आहे का?" असं विचारा.

आणि नेकेडच का? कारण ताठ बसता येतं, रुंद हँडलमुळे हिंजवडीच्या गर्दीतही गाडी वळते, आणि पुढे प्लॅस्टिकचं कवच नसल्यामुळे शंभरच्या पुढे वारा छातीवर असा आदळतो की आपोआप हात ढिला होतो. लोक याला तोटा म्हणतात. मी फीचर म्हणतो.

पण उडी किती मोठी आहे याचं भान ठेवा. दीडशेची गाडी म्हणजे साधारण १४ पीएस. २०२३ साली आलेल्या नव्या ३९० ड्यूकची ताकद ४६ पीएस. मी ७५ किलोचा. स्वार धरून वजनाला भागलं तर ताकद जवळजवळ तिप्पट होते. युरोपात ही उडी कायदाच पायरीपायरीनं मारायला लावतो. तिथे आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतची गाडी, मग ए-टू परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि त्यानंतर हवी ती. ड्यूक काय किंवा ट्रायम्फ स्पीड ४०० काय, दोन्ही त्या मधल्या पायरीत बसतात. आपल्याकडे अठराव्या वर्षी काढलेला 'विथ गियर'चा एकच परवाना शंभर सीसीलाही चालतो आणि हजार सीसीलाही. कायदा पायरी देत नाही, म्हणून ती आपली आपण घालून घ्यायची. दीडशेवरून थेट साडेसहाशेवर जाणाऱ्या मित्रांनो, तुम्हाला कोपरापासून नमस्कार.

टॉप एन्डवाल्यांइतकाच डोक्यात जाणारा दुसरा प्रकार म्हणजे सीसीवाले. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, ३५० सीसीपर्यंत २८ चा १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्यांना ४० टक्के लागला. तेव्हापासून हापिसात गाडीची चर्चा म्हणजे टॅक्सची चर्चा. पैसे वाचवावेत, त्यात गैर काही नाही. पण ३५० ही रेघ कर लावणाऱ्यांनी ओढलेली आहे. तुमचा पाय जमिनीला टेकतो का, हे तिला ठाऊक नाही.

आता माझी निवड. ड्यूक आणि स्पीड ४००, दोन्ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यातल्या, म्हणजे नावं परदेशी असली तरी आपल्या तालुक्याशेजारच्याच. ड्यूक ४६ पीएस, स्पीड ४० पीएस. झालं! इथेच बहुतेकांचा निकाल लागतो. पण जरा खालची ओळ वाचा. टॉर्क ड्यूकचा ३९ न्यूटन-मीटर, स्पीडचा ३७.५, आणि दोन्ही ६५०० आरपीएमला. म्हणजे रोजच्या वापरात दोघींची ओढ जवळपास सारखीच आहे. ते सहा पीएस सगळ्यात वरच्या टोकाला, आठ हजारांच्या पलीकडे. वाकडच्या पुलाखाली तिथवर कोण जातंय?

प्रामाणिकपणे सांगायचं तर ब्रेकच्या बाबतीत ड्यूक पुढे आहे. वळणात गाडी कललेली असतानाही काम करणारं कॉर्नरिंग एबीएस तिला आहे, स्पीडला नाही. माझा अपघात वळणातलाच, म्हणजे माझ्याच नियमानं मी ड्यूक घ्यायला हवी होती! आठवडाभर झोप उडाली. शेवटी कागद घेऊन बसलो. सेकंडहँडमध्ये दोघींच्या किमतीत मला पन्नास हजारांच्या आसपास फरक पडत होता. तेवढ्यात दोन चांगली हेल्मेटं, दोन जॅकेटं, ग्लोव्हजचे दोन जोड, नवी टायर आणि ब्रेकिंग शिकवणाऱ्या एक दिवसाच्या कोर्सची फी बसत होती. हे सगळं आणि ड्यूक असं दोन्ही परवडत असेल तर डोळे मिटून ड्यूक घ्या. मला एकच परवडत होतं. मी स्पीड घेतली.

तीन लाखांची गाडी आणि आठशे रुपयांचं हेल्मेट, हे दृश्य मी रोज बघतो. (तेही कोपरात अडकवलेलं. आमचं पुणं म्हणजे २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेलं शहर, आम्हाला कोण सांगणार!) सरकारी अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं.

तेव्हा बजेट ठरवताना गिअरचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात गाडी बसवा. आणि टेस्ट राईड म्हणून शोरूममागच्या रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. संध्याकाळी सातला जा. गर्दीत पंधरा मिनिटं चालवा, मांड्यांना इंजिन किती भाजतं ते बघा. अरुंद गल्लीत यू-टर्न मारा. मोकळी जागा बघून, आरशात मागे कुणी नाही याची खात्री करून, ४० च्या वेगातून दोन्ही ब्रेक जोरात दाबून बघा. सेल्समन कुरकुर करेल. करू दे, हप्ते तो भरणार नाहीये.

आणि ज्याला मागे बसवणार आहात त्याला घेऊन जा. मी भावाला नेलं. तो अपघातानंतर वर्षभर माझ्या मागे बसला नव्हता. बोलला काहीच नाही कधी, फक्त दर वेळी "मी रिक्षानं येतो" म्हणायचा. शोरूमच्या बाहेर तो गाडीभोवती एकदा फिरला, पुढच्या डिस्ककडे वाकून बघितलं आणि विचारलं, "दादा, ब्रेक कसे आहेत?"

म्हटलं, "बस, बघू." बसला.

असो. आता कुणी पार्किंगमध्ये टॉप एन्ड विचारला की मी ३४ आणि ७७ मीटरचं गणित सुरू करतो. हल्ली फारसं कुणी विचारत नाही.