क्लब कोणाचा?

पैसा आला की खेळ वाढतो, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण पैसा निघून गेला की काय उरते, हे कोणी सांगत नाही. चीनमधील ज्यांग्सूचा क्लब सुनिंग या दुकानदार कंपनीने घेतला आणि २०१६ साली एकट्या अलेक्स तेशेरा या ब्राझीलच्या खेळाडूसाठी ५ कोटी युरो मोजले. २०२० च्या नोव्हेंबरात क्लब चीनचा विजेता झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत मालकाने त्याला कुलूप ठोकले!

जपानने १९९३ साली जे-लीग सुरू करताना संघांच्या नावांतून कंपन्या काढून गावे पुढे आणण्याचे धोरण धरले. विचार थोर, पण तिजोरीच्या किल्ल्या कंपन्यांकडेच राहिल्या. १९९८ साली एका पुरस्कर्त्याने हात काढून घेताच योकोहामा फ्ल्यूगेल्स हा क्लब गावातल्याच प्रतिस्पर्धी मरिनोसमध्ये विलीन करण्याचे ठरले. १ जानेवारी १९९९ रोजी त्याने सम्राट चषक जिंकला. तोच त्याचा शेवटचा सामना. कित्येक पाठीराखे मात्र मरिनोसकडे फिरकले नाहीत. त्यांनी पैसे गोळा करून योकोहामा एफसी उभा केला आणि २००६ साली तो दुसरी श्रेणी जिंकून वर चढला. वर्गणीचा संघ! आपल्या गल्लीतल्या गणेशमंडळासारखा म्हणा ना.

कंपन्यांनी पैसा जरूर ओतावा. पण क्लब मोडण्याचा निर्णय तिकीट काढून उन्हापावसात बसणाऱ्यांना न विचारता होता कामा नये. जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सभासदांकडे ठेवावे लागते. आशियाई फुटबॉल महासंघाने क्लबांना परवाने देताना अशी अट घालायला काय हरकत आहे?