पुडीत काय आहे ते सांगा

कवठे महांकाळ भागात म्हाताऱ्या माणसानं गुडघा धरला की पुडी सुचवणारे पुष्कळ भेटतात. 'जडीबुटी आहे, गुण नाही आला तरी अपाय नाही,' असं ते ठासून सांगतात. यातली 'अपाय नाही' ही हमी साफ खोटी आहे.

ज्येष्ठमध हे झाडाचंच मूळ. ते रोज भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. शुगरच्या गोळ्या चालू असताना कारल्याचा रस सुरू केला तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. सत्तरीतल्या माणसाला आधीच चार गोळ्या चालू असतात आणि मूत्रपिंडं पहिल्यासारखी राहिलेली नसतात.

शिवाय निनावी पुडीत फक्त मुळ्याच असतात, असं कुणी सांगावं? दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला, भूक वाढली, चेहरा भरला, की घरचे सुखावतात. मला नेमकी तिथेच धास्ती वाटते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम थांबवली तर जीवावरही बेतू शकतं, कारण तोवर शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. मधुमेह, अर्धांगवायू, संधिवात बरा करण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी भिंती रंगतातच.

पण 'आयुर्वेद म्हणजे सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. पुण्यातले संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज झालेल्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी केली. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांची औषधं सेलेकॉक्सिब या वेदनाशामक गोळीच्या तोडीस तोड ठरली. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. त्याच चाचणीत आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांच्या यकृताच्या एका तपासणीतला आकडा वाढलेला आला. औषध थांबवल्यावर तो पूर्ववत झाला. वेळोवेळी रक्त तपासलं जात होतं, म्हणून हे कळलं. माझा आग्रह याच शिस्तीचा आहे, मग औषध कुठल्याही पॅथीचं असो.

म्हातारी माणसं पुडीकडे का वळतात, हेही समजून घ्यायला हवं. मिरजेच्या दवाखान्याची एक खेप म्हणजे सोबत येणाऱ्या मुलाचा रोजगार बुडतो. तिथं डॉक्टर घाईत असतात. पुडीवाला निदान गुडघ्याला हात लावून बघतो. पुडीचं नाव काढलं की डॉक्टर रागावतात, म्हणून आजी ती लपवते आणि डॉक्टर अंधारात औषध लिहितात. तेलाचा शेक, झेपतील तेवढी आसनं, मांडीला बळ देणारे व्यायाम हे सांगायला कुणाचीच हरकत नसावी. पोटात घ्यायचं ते मात्र परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेलंच घ्यावं, तेही वैद्यकीची पदवी असलेल्याकडून.

आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरवर 'याशिवाय काय घेता?' असा रकाना छापावा. तो न रागावता भरून घेणारं माणूसही तिथं बसवावं.