मागच्या चाकाचा नट आजच बघा

जालना जिल्ह्यातल्या सर्व दुचाकीस्वारांना, गॅरेजवाल्यांना आणि पंक्चर काढणाऱ्यांना कळकळीची विनंती.

अलीकडे ज्यांनी मागचं टायर किंवा ट्यूब बदलली, लायनर टाकले किंवा नुसती चेन ताणून घेतली, त्यांनी पुढची फेरी मारण्याआधी गाडी मेन स्टँडवर लावावी आणि मागच्या एक्सलचा नट बघावा. या प्रत्येक कामात तो नट सोडावा लागतो. सोडलेला नट पुन्हा नीट आवळला की नाही, हे गाडीवर बसून कळत नाही.

नट सैल राहिला की चेनच्या ओढीनं चाक एका बाजूनं पुढे सरकतं. तिरक्या चाकावरून चेन उतरते, आणि ती हबमध्ये अडकली तर धावती गाडी क्षणात जाम होते. आपल्याकडे हे कुठे होईल, याचा विचार करा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे आपण सगळे अंबड, भोकरदन, मंठा, देऊळगाव राजाच्या रस्त्यांवर. पुढे सळईचा ट्रक, मागे हंगामात उसाचा ट्रॅक्टर. अंगारकीला राजूरच्या वाटेवर रात्रभर पायी जाणारी माणसं असतात, लहान लेकरांसह. तिथे घसरलेली गाडी एकट्या चालवणाऱ्याला पाडत नाही.

आता काय बघायचं ते. चाक वर-खाली आणि आडवं धरून हलवा. खडखड लागली तर गाडी तशीच ठेवा. चेनच्या ताणपट्टीवरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. नटात आडवी पिन असेल तर ती जागेवर हवी, आणि नवी हवी. जुनी सरळ करून परत घातलेली पिन कधी तुटेल सांगता येत नाही; तारेचा तुकडा तर नकोच. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत चेनच्या बाजूला एक्सलच्या नटाखेरीज एक मोठा स्लीव्ह नट असतो. चेन ताणताना तो सैल करतात आणि घाईत नेमका तोच राहतो. विचारून घ्या.

ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटला स्विंगआर्मशी बांधणारा दांडा जोडलाय का, हे डोळ्यांनी बघा. तो सुटलेला असेल तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते, आणि चाक तिथेच अडकतं. आमच्या मते सैल नटाइतकीच ही चूक घातक आहे, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

सैल नको म्हणून पान्याला पाइप घालून उडी मारणारेही कमी नाहीत. फूटभर पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर दिला की साधारण ६० न्यूटन-मीटर आवळ बसतो. तोच जोर तीन फुटांच्या पाइपवर दिला तर १८०. एवढ्यानं आटे जातात, एक्सल ताणला जातो, आणि असा नट पुढे कितीही फिरवला तरी धरत नाही. किती आवळायचा तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. तो गाडीगणिक वेगळा आहे. शेजाऱ्याच्या गाडीचा आपल्याला चालत नाही.

गॅरेजवाल्या भावांनो, टॉर्क पाना घ्या. काही हजारांचा आहे, वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्या हाताचा अंदाज चांगला असेलही, पण संध्याकाळी शेवटच्या गाडीला तो सकाळसारखा राहत नाही. नट आवळताना मागचा ब्रेक दाबून धरा, म्हणजे लायनर ड्रममध्ये मध्यावर बसतात. आणि आवळून झालं की नटावरून एक्सलवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. नखपॉलिशसुद्धा चालेल. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे कुणालाही कळतं. जिल्ह्यातल्या आयटीआयमधल्या शिक्षकांनीही मुलांकडून रेघेची ही सवय करून घ्यावी.

दुधाच्या किटल्या, खताची गोणी, मोसंबीचे क्रेट मागे बांधणाऱ्यांनी जास्त जपायचं. ओझ्यानं मागचा भाग दबला की चेन आणखी ताणली जाते. म्हणून ती फार कसून घेऊ नका. बहुतेक छोट्या गाड्यांना दोन ते तीन सेंटीमीटर ढील लागते. नेमका आकडा पुन्हा पुस्तिकेतच. चेन ताणली की मागच्या ब्रेकचं अंतरही बदलतं, तेही जुळवून घ्या.

नट सैल सापडला आणि पाना जवळ नसेल, तर हातानं आवळून ‘गावापर्यंत जाईल’ म्हणू नका. गाडी ढकलत न्या, नाहीतर तिथेच लावून फोन करा. दूध उशिरा पोचलं तरी चालेल.