पाठभेद

दिवाळी अंकातल्या या सदरासाठी यंदा ‘काहीतरी फराळाचे’ लिहा, असा संपादकांचा निरोप आला, त्या वेळी अस्मादिक न्यू जर्सीत थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात उभे होते आणि अस्मादिकांच्या दोन्ही हातांत डुकराच्या बरगड्या होत्या. भाच्याकरवी मी लगेच होकार कळवला. हात बरबटलेले असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

ज्या वाचकांना हा पदार्थ वर्ज्य असेल त्यांनी येथूनच राशिभविष्याकडे वळावे. मला राग येणार नाही. आमच्या मातोश्री हा अंक जाहिरातींसकट वाचतात. त्यांनीही वळावे अशी नम्र विनंती आहे. पण त्या वळणार नाहीत हे मला ठाऊक आहे. आम्ही कोल्हापूरकडचे. मटणाच्या नळीशी आमची जन्माची मैत्री. पण डुक्कर आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाही. गोव्यात आणि वसईकडे ख्रिस्ती घरांत सणाला सोरपोतेल शिजते, एवढेच ऐकून माहीत होते. उंबरा ओलांडला तो आमच्या दाजींनी, आणि तोही सातासमुद्रापलीकडे, कुणाला दिसणार नाही अशा बेताने.

दाजी मूळचे साताऱ्याचे. कचेरीत त्यांच्या शेजारच्या टेबलाशी वूशीकडचे एक चिनी गृहस्थ बसत. वूशी हे शांघायच्या पश्चिमेला, ताई सरोवराच्या काठचे शहर. सोया आणि साखरेत मुरवून शिजवलेल्या तिथल्या गोड, चिकट, तांबूस बरगड्या चीनभर प्रसिद्ध आहेत. त्या गृहस्थांनी एकदा डबा उघडला आणि दाजींचे सोवळे सुटले. चिनी माणूस हा पदार्थ चुलीवर, कढईपाशी उभा राहून करतो. दाजींनी तो विजेच्या मंद पातेल्यात बसवला, कारण ताई रुग्णालयात परिचारिका, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत, हे कचेरीत, आणि घरी कढईपाशी उभे राहायला भिंतीवरच्या कॅलेंडरातला गणपती तेवढा. सकाळी सगळे पातेल्यात भरायचे, कळ दाबायची आणि निघून जायचे. संध्याकाळी कुलूप उघडले की घरभर चक्रीफुलाचा वास.

दोन वर्षांपूर्वी दाजी गेले. पातेले तळघरात गेले. मी गेल्या मे महिन्यात सुट्टीत तिकडे गेलो तेव्हा पाहिले, या घरात जेवण असे होतच नव्हते. ताई रात्री आठला येई आणि ओट्याशी उभी राहून थंड पोळीभाजी खाई. भाचा एकोणीस वर्षांचा, तो वाटेल त्या वेळी फ्रीज उघडून उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकी. जेवणाच्या टेबलावर पत्रे, बिले आणि औषधांच्या बाटल्या मांडलेल्या. मी एकटाच खुर्चीवर बसून जेवत असे, आणि मला ते एखाद्या गुन्ह्यासारखे वाटे.

एके दिवशी भाच्याने मला तळघरात नेले. खोक्यात ते पातेले होते आणि त्याच्या आत दाजींच्या हस्ताक्षरातले एक कार्ड.

“मामा, हे वाच ना. मला बोलता येतं, वाचता येत नाही.”

त्याने फोनमधल्या भाषांतरयंत्राला आधी विचारून पाहिले होते. कार्डावर लिहिले होते, ‘आले २ पेर.’ यंत्राने ठणकावून सांगितले की, दोन नासपती आल्या. पोराने बिचाऱ्याने बाजारातून दोन नासपती आणूनही ठेवल्या होत्या. त्या मी चहाबरोबर खाल्ल्या. एम. ए.ची पदवी घेऊन वीस वर्षे झाली. एवढ्या काळात या पदवीची कुणाला इतकी निकड भासल्याचे मला आठवत नाही.

कार्ड असे होते. बरगड्यांच्या दोन पट्ट्या, म्हणजे सुमारे दोन किलो. आतल्या बाजूचा पापुद्रा काढणे. आले दोन पेर, लसूण आठ पाकळ्या. सोया सॉस अर्धी वाटी, होयसिन पाव वाटी, मध पाव वाटी, व्हिनेगर दोन चमचे, पंचमसाला एक चमचा, चक्रीफुले दोन. पाणी नको. मंद आचेवर सात तास. झाकण उघडू नये. याखाली दोन रेघा. मग पुढची ओळ सोयाच्या डागाखाली गेलेली, तिच्यातले शेवटचे दोनच शब्द शिल्लक, तेही पहिला अर्धा तुटलेला: ‘…तारी होईपर्यंत.’ आणि सर्वांत खाली, ‘मग ब्रॉयलरखाली ५ मिनिटे.’ ब्रॉयलर म्हणजे तिकडच्या भट्टीतली वरून लागणारी आच.

सामान जमवताना माझी मास्तरकी उफाळून आली. होयसिन म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची गोडसर चटणी. तिच्या नावाचा अर्थ समुद्रातले खाणे, आणि तिच्यात मासळीचा तुकडाही नसतो. शेवग्यात शेव असते काय? चिनी पंचमसाल्यात चक्रीफूल, बडीशेप, लवंग आणि दालचिनी. म्हणजे आजीच्या डब्यातलेच चार जण. चक्रीफुलाला आजी बाद्यान म्हणे. पाचवे त्यांचे सिचुआनकडचे मिरे, आणि ते आपल्या कोकणातल्या बांगड्याच्या आमटीत पडणाऱ्या तिरफळाचे सख्खे चुलतभाऊ. दालचिनीच्या तर नावातच चीन आहे, फारसी ‘दारचिनी’, चीनचे लाकूड. पातेल्याच्या आतले भांडेही आपण ज्याला चिनीमातीचे म्हणतो तशाच भाजलेल्या मातीचे. हे सारे मी भाच्याला सांगितले. त्याने विचारले, “मामा, पापुद्रा कुठे असतो?”

पापुद्रा हाडांच्या आतल्या अंगाला चिकटलेला असतो, ओल्या कागदासारखा. सुरीच्या टोकाने एका कडेला उचलायचा, कोरड्या फडक्यात धरायचा आणि ओढायचा. नाही काढला तर मसाला आत जात नाही आणि दाताखाली चामडे येते. बाकी या पातेल्याला पाककौशल्य लागत नाही. ते करणाऱ्यानेच तसा विचार केला होता. शिकागोचे अर्व्हिंग नॅक्सन यांना त्यांच्या आईने लिथुएनियातल्या ज्यू वस्तीची गोष्ट सांगितली होती. शनिवारी शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून बायका शुक्रवारी कडधान्य-मांसाचे मडके गावच्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून येत. रात्रभर ते आपले आपण शिजे. नॅक्सननी ती भट्टी विजेच्या तारेने मडक्याभोवती गुंडाळली. १९४० मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे १९७० मध्ये एका कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून क्रॉक-पॉट या नावाने ते पातेले घरोघर गेले. नोकरीवर जाणाऱ्या बायकांना ते हवेच होते.

आणि मंद आचेवर डुक्कर शिजवावे हे सांगायला चीनला यंत्राची गरज नव्हती. सू दोंगपो हा अकराव्या शतकातला त्यांचा थोर कवी. सरकारला न रुचणाऱ्या कविता लिहिल्या म्हणून १०८० मध्ये हुआंगचौला हद्दपार झाला. तिथे डुकराचे मांस स्वस्त. श्रीमंत खात नसत, गरिबांना रांधता येत नसे. या गृहस्थाने थोडे पाणी, थोडा विस्तव आणि पुष्कळ धीर एवढ्यावर ते शिजवले, आणि त्यावर कविताही केली. वर्गात हा किस्सा मी आता दरवर्षी सांगणार आहे. हद्दपारीत आमच्याकडचा कवी असता तर त्याने दोन खंडकाव्ये लिहिली असती आणि उपाशी राहिला असता.

पहिला प्रयोग मंगळवारी, ताईची पाळी असताना. अकराला कळ दाबली. ‘झाकण उघडू नये’ हे वाचता येणारा घरात मी एकटा, आणि तीनदा उघडले तेही मीच. प्रत्येक वेळी गेलेली वाफ पुन्हा जमायला वीसेक मिनिटे लागतात. संध्याकाळी मांस हाडावरून नुसत्या बघण्याने सुटत होते. बरगडीच्या मांसातला चिवट भाग तासन्‌तास गरमीत राहिला की विरघळून जिलेटिन होतो, तेवढे काम पातेल्याने चोख केले होते. पण रस? रस म्हणजे सार. झाकणाखालून वाफ बाहेर जात नाही, मांसाचे स्वतःचे पाणी सुटते. सकाळी वाटीभर घातले ते संध्याकाळी दोन-तीन वाट्या झाले होते. ब्रॉयलरखाली बरगड्या वरून करपल्या आणि खालून पोहत राहिल्या.

“चांगलं आहे,” भाचा म्हणाला. वर्गातली पोरे ‘समजलं, सर’ म्हणतात, अगदी त्याच आवाजात.

आम्ही पातेले धुऊन लपवले, खिडक्या उघडल्या. आठला ताई आली. दाराशी क्षणभर थांबली. काही बोलली नाही. फ्रीज उघडून पोळी काढली आणि ओट्याशी उभी राहून खाल्ली. भाच्याने माझ्याकडे पाहिले नाही, मी त्याच्याकडे.

रात्री मी कार्ड घेऊन बसलो. संशोधकाने पोथीपुढे बसावे तसा. ‘…तारी होईपर्यंत.’ पहिला तर्क, ‘तयारी होईपर्यंत’, लेखनिकाने ‘य’ गाळला. पण दाजी अक्षर गाळणारे नव्हते. भाच्याला मी गमतीने ‘म्हातारी होईपर्यंत’ हा पाठ सुचवला. तो पहिल्यांदाच मोकळेपणी हसला. मग पहाटे मला साक्षात्कार झाला. दाजी साताऱ्याचे! ‘सातारी होईपर्यंत’, म्हणजे चांगले झणझणीत होईपर्यंत. लेखकाचे चरित्र, प्रांत, बोली, सगळे जुळत होते. मी पेन्सिलीने समासात ‘सा’ लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्हसुद्धा घातले नाही.

गुरुवारी दुसरा प्रयोग. झाकणाला हात लावला नाही. शेवटच्या तासाला दोन चमचे कोल्हापुरी लाल तिखट घातले. रस आता तांबडा झाला, पण होता सारच. आम्ही दोघे त्याच्याकडे बघत उभे होतो आणि ताई आत आली. पाळी बदलून ती लवकर सुटली होती, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते.

ती पातेल्याकडे बघत राहिली. खांद्यावरची पिशवी तशीच.

“कुणी काढलं वर?”

मी म्हणालो, “मी.” भाचा म्हणाला, “मी, आई.” आणि त्याने कार्ड पुढे केले.

चष्मा पिशवीत होता. तिने कार्ड हात लांब करून धरले. पुष्कळ वेळ धरले. मग समासातल्या माझ्या पेन्सिलीवर तिची नजर गेली.

“सातारी? हे काय आहे?”

मी माझी उपपत्ती सांगितली. चरित्र, प्रांत, बोली.

“अरे, एकतारी! रस एकतारी होईपर्यंत आटवायचा. जन्मात कधी पाक केला आहेस का तू?”

केला नव्हता. आमच्या घरी दिवाळीत मी लाडू वळायलासुद्धा कधी बसलो नाही. मी फक्त मोजायला बसे.

तिने पिशवी खाली ठेवली. रुग्णालयाच्या निळ्या कपड्यांतच बाह्या सारल्या. बरगड्या अलगद ताटात काढल्या, रस गाळून पसरट कढईत ओतला, वरचा चरबीचा थर पळीने काढून टाकला आणि मोठी आच केली. आधी मोठे बुडबुडे, मग लहान, मग फेस दाट होऊन सावकाश फुटू लागला. “मागं लागू नको, ढवळ फक्त,” ती भाच्याला म्हणाली. दर दोन मिनिटांनी ती थेंबभर रस बशीत घेई, फुंकर घाली, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बोटे दूर करी. तार येत नव्हती. तार येत नव्हती. ढवळता ढवळता तिनेच सांगितले. इथल्या पहिल्या दिवाळीत तिने रव्याचे लाडू केले, तेव्हा दाजींनी ही तार पहिल्यांदा पाहिली. पुढे बरगड्या करू लागले तेव्हा सगळे स्वतः करीत, पण रस आटत आला की हाक मारीत. “त्यांच्या बोटाला चटका बसायचा. म्हणून पाक बघायला मी.”

पंधराव्या मिनिटाला तिच्या बोटांत केसासारखी एक तांबडी तार उभी राहिली आणि तुटली. तिने भाच्याला बोट घालायला लावले. तो ओरडला, पण तार त्यालाही दिसली.

तो पाक बरगड्यांवर ओतून, पाच मिनिटे वरच्या आचेखाली धरून, वर भाजलेले तीळ टाकले. भाच्याने टेबलावरची बिले आणि बाटल्या उचलून खुर्चीवर ठेवल्या, मग ती खुर्चीही लागेल हे लक्षात येऊन जमिनीवर ठेवल्या. माझी पेन्सिल त्याने खोडरबराने पुसली आणि डागाच्या कडेला स्वतःच्या हाताने ‘एक’ लिहिले. ‘ए’ला डोक्यावर मात्रा द्यायची नाही, एवढेच मी सांगितले.

तिखट मात्र फार झाले होते. ताईने दोनदा पाणी मागितले आणि तिसरी बरगडी उचलली.