खांबाचीही निवड करावी लागते

रस्त्याच्या कडेचा वाहतुकीचा फलक सर्वजण पाहतात. तो ज्या खांबावर उभा असतो त्याच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. फलकाची अक्षरे केवढी आहेत, रात्री तो चमकतो की नाही, याविषयी निदान तक्रारी तरी होतात. खांबाची आठवण होते ती तो वाकल्यावर, गंजून पडल्यावर किंवा एखादी मोटार त्यावर आदळून माणसे दगावल्यावर. आणि तेव्हाही दोष वाऱ्याला, पावसाला किंवा चालकाला दिला जातो. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. या सर्वांना खांब कारणीभूत होते असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. परंतु रस्त्याच्या कडेला आपण स्वतः जे उभे करतो त्याने तरी या संख्येत भर घालू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

या विषयात आपल्याकडे नियमच नाहीत, असे नाही. डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. फलकांविषयीची तिची संहिता १९७७ साली प्रसिद्ध झाली व पुढे वेळोवेळी सुधारली गेली. मात्र खांबाच्या बाबतीत बांधकाम खात्यांच्या दरपत्रकांत एक ठरीव साचा वर्षानुवर्षे नांदत आला आहे. ७५ मिलिमीटर रुंद बाजूंचा व ६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल घ्यावा, तो ४५ सेंटिमीटर लांब-रुंद व ६० सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये रोवावा आणि त्यावर २५ सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे ओढावेत, असा तो साचा आहे. लहान फलकासाठी तो चालतोही. पण साचा हाताशी असला की विचार करण्याची गरज उरत नाही आणि जागा कोणतीही असो, तोच अँगल उभा राहतो.

खांबाला पहिली झुंज द्यावी लागते ती वाऱ्याशी. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर व पुण्यासाठी ३९ मीटर धरला जातो. पन्नास वर्षांतून एखादे वेळी येऊ शकेल अशा झंझावाताचा हा वेग आहे. ढोबळ हिशेब केला तर मुंबईत दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो दाब येतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या गोल फलकावर तो तेहतीस किलोच्या आसपास भरतो. पण दोन मीटर रुंद व दीड मीटर उंच दिशादर्शक फलकावर हाच दाब साडेतीनशे किलोंच्या वर जातो, आणि तोही जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर. तरफेचा नियम शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. दोन्ही फलकांना एकाच मापाचा खांब देणे म्हणजे त्या नियमाकडे पाठ फिरविणे होय.

खांबाची ताकद केवळ लोखंडाच्या वजनावर ठरत नाही; ते लोखंड कोणत्या आकारात मांडले आहे, यावर ती अवलंबून असते. वर सांगितलेल्या अँगलचे वजन मीटरला सुमारे ६.८ किलो भरते. ८९ मिलिमीटर व्यासाच्या व ३.२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचे वजनही जवळजवळ तेवढेच असते. परंतु वाकविणाऱ्या जोराला ही नळी अँगलच्या दुपटीहून अधिक दाद देत नाही, कारण तिचे लोखंड केंद्रापासून दूर व सर्व बाजूंना सारखे पसरलेले असते. पिळाला अँगल फारच लवकर बळी पडतो. वाऱ्याने फिरून भलतीकडेच तोंड करून उभे असलेले फलक आपण पाहतो, त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय अँगलला धारदार कडा असतात, नळीला नसतात. नळीचा किलोमागचा दर सहसा थोडा अधिक पडतो हे खरे. पण तुलना करावयाची तर ती दराची नव्हे, मिळणाऱ्या उपयोगाची केली पाहिजे.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, मग सर्वांत भक्कम खांब उभा करावा म्हणजे झाले. तसेही नाही. जो खांब वाऱ्यापुढे ताठ उभा राहतो, त्याने मोटारीच्या धडकेपुढे मात्र नमले पाहिजे. हे परस्परविरोधी वाटले तरी अशक्य नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९६० च्या दशकातच सरकत्या पायाचे खांब तयार झाले. त्यांत खांबाच्या तळाशी दोन पट्ट्या बोल्टांनी जोडलेल्या असतात. धडक बसताच वरची पट्टी निसटते, खांब उचलला जातो आणि मोटार त्याखालून निघून जाते. तुटल्यावर जमिनीत उरणारा खुंट चार इंचांहून उंच असू नये, असा तेथील दंडक आहे. ब्रिटनमध्ये वर उल्लेखिलेल्या ८९ मिलिमीटरच्या नळीपर्यंतचे पोलादी खांब वेगवान रस्त्यांवरही फारसे धोक्याचे मानले जात नाहीत. त्याहून बळकट खांब उभा करावयाचा तर तो धडकेत सुरक्षित ठरणारा तरी हवा किंवा कठड्यामागे तरी हवा.

तथापि परदेशातील व्यवस्था जशीच्या तशी उचलण्यातही शहाणपण नाही. युरोपीय मानकातील खांबांची चाचणी ९०० किलो वजनाच्या मोटारीने घेतली जाते. आपल्याकडे २०२२ साली मृत्युमुखी पडलेल्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीस्वार होते. गाडीवरून फेकल्या गेलेल्या माणसासाठी कोणताही खांब निसटत नाही. त्याच्या दृष्टीने धारदार कडा नसणे, खांबांची संख्याच कमी असणे आणि ते रस्त्यापासून पुरेसे दूर असणे, हाच उपाय होय. दोन फलक एका खांबावर बसत असतील तर दुसरा खांब रोवणे गैर आहे. शहरातील गजबजलेल्या पदपथालगत निसटून उडणारा खांब पादचाऱ्याच्याच अंगावर जाईल. तेथे जागच्या जागी वाकणारा खांब बरा. मोकळ्या महामार्गावर मात्र निसटणारा खांबच इष्ट. म्हणजे खांबाची निवड ही मुळात जागेची पारख आहे.

तिसरा शत्रू गंज. लोखंडावर चढविलेला जस्ताचा मुलामा स्वतः झिजतो व लोखंड वाचवितो. जाड लोखंडावर तो साधारण ८५ मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाइतका असतो. समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत तो वर्षाला दोन मायक्रॉनहून कमी झिजतो आणि चाळीस वर्षांहून अधिक टिकू शकतो. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत हीच झीज चार ते आठ मायक्रॉनपर्यंत जाऊ शकते. म्हणून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खांब आणि लातूरचा खांब एकाच मापाने निवडणे चूक आहे. त्यातही गंज धरतो तो जमिनीलगत, पाणी साचते तेथे. नळीच्या तोंडावर टोपण नसेल तर ती आतून कुजते. मुलामा चढविल्यानंतर भोके पाडली तर तो तेथेच भंगतो. केवळ रंग लावलेला खांब पहिली काही वर्षे सुबक दिसतो इतकेच.

हे सारे अभियंत्यांना ठाऊक असते. अडते ते निविदेत. ‘योग्य मापाचा लोखंडी खांब’ असे मोघम लिहिले की सर्वांत कमी दर भरणाऱ्याला हवी ती वाट मोकळी होते. मग पत्र्याची जाडी घटते, मुलाम्याऐवजी रंग येतो, पायाची खोली अर्ध्यावर येते. पुढे खांब पडतो, किंवा भंगारवाल्याकडे जातो, आणि खुंट मात्र पादचाऱ्याच्या पायात येण्यासाठी मागे राहतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, रस्त्याची विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित अधिकारी, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. ही तरतूद कागदावर राहू द्यावयाची नसेल, तर प्रथम मानके निविदेत स्पष्ट उतरली पाहिजेत.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. जागा, फलकाचे आकारमान, तेथील वारा व हवा पाहून खांबाचा आकार, जाडी, मुलाम्याचे वजन व पायाची खोली निविदेत नमूद करावी. देयक मंजूर करण्यापूर्वी जाडी व मुलामा मोजून पाहावा. पावसाळ्यानंतर दरवर्षी खांबांची पाहणी व्हावी आणि तुटलेले खुंट उपटून काढावेत. फलक माणसाला धोक्याची सूचना देण्यासाठी उभारलेला असतो. त्याचा खांबच धोका होऊन बसणार असेल, तर तो दोष नशिबाचा नव्हे, निवड करणाऱ्यांचा आहे; आणि त्याचा जाब त्यांनाच विचारला गेला पाहिजे.