डोंगरवाटेची मोटारसायकल कशी निवडावी?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनपासून सुमारे ५० किलोमीटरवर, अ‍ॅशबर्न नावाचे उपनगर आहे. संगणकातील माहिती साठवणाऱ्या केंद्रांचा जगातील सर्वांत मोठा समूह ह्याच परिसरात आहे. त्या धंद्यामुळे भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. आमच्या नात्यातील एक मॉरिशसचा मुलगा तेथे नोकरी करतो. त्याला डोंगरात फिरण्यासाठी मोटारसायकल घ्यायची आहे, आणि त्याच्या आईवडिलांनी आमचे मत विचारले. असाच प्रश्न इतर घरांतही निघत असेल, म्हणून आमचे उत्तर येथे मांडतो.

प्रथम पालकांशी दोन शब्द. मोटारसायकल म्हटली की आईच्या पोटात गोळा येतो, हे आम्ही जाणतो. परंतु नुसते "नको" म्हणून भागत नाही. मुलगा सज्ञान आहे आणि पैसा त्याच्या कमाईचा आहे. घरातून नकारच मिळाला तर तो न सांगता गाडी घेईल, आणि दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगण्याची संधीही आपण घालवून बसू. म्हणून आमचे मत असे, की गाडी जरूर घ्यावी; मात्र पडल्यावर एकट्याने उचलता येईल अशीच घ्यावी.

तेथील रस्ते कसे आहेत हे आधी पाहू. अ‍ॅशबर्नच्या पश्चिमेस ब्लू रिज पर्वत आहे. सुमारे तासाभराच्या अंतरावरील फ्रंट रॉयल गावापासून स्कायलाइन ड्राइव्ह सुरू होतो. १९३० च्या दशकात बांधलेला हा रस्ता १०५ मैल, म्हणजे जवळजवळ १७० किलोमीटर, डोंगराच्या माथ्यावरून जातो. आपल्या बेटावरील सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. त्या रस्त्याजवळचे हॉक्सबिल शिखर १,२०० मीटरांहून उंच आहे. रस्ता उत्तम डांबरी आहे, पण वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल आहे. तेथे दांडग्या इंजिनाचा उपयोग काय?

दुसरे रस्ते खडीचे. अ‍ॅशबर्न ज्या लाउडन जिल्ह्यात आहे, तेथे अजून अडीचशे मैलांहून अधिक कच्चे रस्ते आहेत. त्याहून पश्चिमेस जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात खडीचे जंगलरस्ते आहेत. मात्र 'ट्रेल' म्हटलेली प्रत्येक वाट मोटारसायकलीची नसते. अ‍ॅशबर्नमधूनच जुन्या रेल्वेमार्गावरची ४५ मैलांची पक्की वाट जाते, आणि डोंगरावरून अ‍ॅपलेशियन ट्रेल जाते. दोन्हींवर मोटारसायकलीला मनाई आहे. वनखाते कोणत्या वाटेवर कोणते वाहन चालते ह्याचे नकाशे काढते. तो नकाशा पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

आता गाडीकडे वळू. दुकानात तरुणाचे डोळे सर्वांत मोठ्या गाडीवर जातात. बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस ही उत्कृष्ट गाडी आहे, ह्यात वाद नाही. परंतु तिचे वजन २३७ किलो, आणि वर सामानाच्या पेट्या. खडीच्या चढावर थांबताना पाय घसरला की ती आडवी होते. जंगलात मदतीला कोणी नाही आणि फोन लागत नाही, अशा वेळी नवशिक्याने ती उचलायची कशी? गंमत अशी, की ह्या जातीच्या गाड्यांची मूळ माता मानली जाणारी, १९८० साली आलेली बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस, दोनशे किलोंच्या आत होती. आणि तिच्यावरूनच तयार केलेल्या गाडीने १९८१ ची पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. वाळवंट ओलांडायला तेवढी पुरली.

मग अगदी हलकी घ्यावी काय? होंडाची सीआरएफ ३०० एल सुमारे १४० किलोची आहे. जंगलात तिच्यासारखी सोयीची गाडी क्वचित मिळेल. पण अ‍ॅशबर्नहून डोंगरापर्यंत महामार्गाने जावे लागते, आणि तेथे ताशी ६५-७० मैलांच्या वाहतुकीत लहान इंजिनाची दमछाक होते. म्हणून मधला मार्ग बरा. रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन ४५२ सीसीची, सुमारे ४० अश्वशक्तीची आणि १९६ किलोची आहे. केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर पावणेदोनशे किलोंच्या आसपास आहे. आपल्या वाचकांस आनंद वाटावा असे की ही दुसरी गाडी पुण्याजवळ चाकण येथे, बजाजच्या कारखान्यात तयार होते. अर्थात अभिमान वाटला म्हणून ती घ्यावी असे नाही. स्वतः बसून, चालवून पाहावे.

पाहायचे काय? बसल्यावर पाय जमिनीला नीट टेकतात की नाही. पुढचे चाक मोठे, २१ इंची असले तर ते दगडांवरून सहज जाते. गाडीचे पोट जमिनीपासून पुरेसे उंच हवे. हिमालयनचे २३० मिलिमीटर आहे. मागच्या चाकाचे एबीएस बंद करता येते का, हेही विचारावे, कारण सुट्या खडीच्या उतारावर त्याचा उपयोग होतो. आणि दुरुस्तीचे दुकान किती लांब आहे, हा प्रश्न सर्वांच्या शेवटी नव्हे, सर्वांच्या आधी विचारावा. जो पत्नीला मागे बसवून केवळ डांबरी रस्त्यानेच फिरणार आहे, त्याने जड गाडी घेतली तर आमची हरकत नाही.

आता पैशाचा हिशेब. मोठ्या बीएमडब्ल्यूची किंमत हिमालयनच्या सुमारे तिप्पट आहे. जो पैसा वाचेल, त्यातला काही शिक्षणावर खर्च करावा. व्हर्जिनियात मोटारसायकलीसाठी वेगळा 'एम' वर्गाचा परवाना लागतो आणि शिरस्त्राण सक्तीचे आहे. तेथे सरकारमान्य शिक्षणवर्ग असतात; नवशिक्याने त्यांत नाव घातल्याशिवाय गाडीची चावी हाती घेऊ नये. उरलेल्या पैशातून चांगले बूट, हातमोजे आणि गुडघे-कोपरांना आधार असलेले कपडे घ्यावेत.

आमच्या मुलांना आणखी एक धोका आहे. आपण मॉरिशसमध्ये डावीकडून गाडी चालवतो, भारतातही तसेच, अमेरिकेत उजवीकडून. गर्दीत इतरांना पाहून चूक टळते. पण पहाटे रिकाम्या डोंगररस्त्यावर, विश्रांतीनंतर पुन्हा निघताना, जुनी सवय डाव्या बाजूला ओढते. गाडीच्या टाकीवर उजवीकडे दाखवणारा बाण चिकटवावा. त्यात लाज कसली? शरद ऋतूत ओली पाने आणि संध्याकाळी रस्त्यावर येणारी हरणे, ह्यांचीही आठवण ठेवावी.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वडीलधारे सांगत आले. येथे अंथरूण म्हणजे केवळ पैसा नव्हे, आपल्या अंगातले बळ आणि हाताला असलेला सराव. एखाद्या मित्राची तशीच गाडी गवतावर आडवी करून एकट्याने तीनदा उचलून पाहावी. तिसऱ्या वेळी उचलली गेली नाही तर ती गाडी आपली नव्हे. दोन-चार वर्षांनी सराव वाढला, तर व्हर्जिनियातील दमास्कसपासून न्यूयॉर्क राज्याच्या सीमेपर्यंत, २०१७ साली खुला झालेला हजार मैलांहून लांब कच्चा मार्ग आहेच. पालकांनो, मुलाला "नको" म्हणण्याऐवजी "उचलून दाखव" असे म्हणा. तरुणांनो, मोठ्या गाडीपेक्षा पुष्कळ वर्षे चालवता येणारी गाडी निवडा.