खर्ड्याचा तह आणि महाडचा सौदा

शेजारी राष्ट्रांत युद्ध पेटले की तोफांबरोबर वकिलांची ये-जाही सुरू होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि पुढच्याच महिन्यात उभय देशांचे प्रतिनिधी इस्तंबूलला समोरासमोर बसले. अशा बैठकीत कोणी काय मिळवले, याचा हिशेब त्याच दिवशी मांडला जातो. मिळालेले टिकले किती, याची चौकशी क्वचितच होते. ती करू इच्छिणाऱ्याने धाराशिव जिल्ह्यातील परंड्याचे स्मरण करावे.

थकलेल्या चौथाईवरून पुणे व हैदराबाद दरबारांची बोलणी फिसकटली आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याहून परंड्याकडे कूच करणाऱ्या निजाम अलीच्या सैन्याची मराठी फौजांशी गाठ पडली. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एकाच झेंड्याखाली होते. निजामाने खर्ड्याच्या लहानशा गढीचा आश्रय घेतला. इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिले होते. तहाची याचना करण्यावाचून मार्ग उरला नाही.

मराठ्यांच्या बाजूने गोविंदराव काळ्यांनी बोलणी केली आणि ती चोख केली, असेच म्हणावे लागेल. परंड्यापासून उत्तरेस तापीपर्यंतचा मुलूख, दौलताबादचा किल्ला, तीन कोटी रुपये आणि युद्धाला कारण झालेला दिवाण मुशीर-उल-मुल्क स्वाधीन, अशी ही कलमे होती. रणांगणावरील प्राणहानीच्या मानाने एवढी प्राप्ती मराठेशाहीच्या इतिहासात विरळाच.

हा दिवाण ओलीस म्हणून पुण्यास आला. पराभूत राज्याचा सर्वांत धूर्त मुत्सद्दी जेत्यांनी स्वतःच्याच राजधानीत आणून बसवला! त्याला फार काही करावेही लागले नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू झाला आणि गादीच्या वारशावरून जी भाऊबंदकी माजली, तिने सारे काम केले. नाना फडणवीसांना पुणे सोडून महाडला जावे लागले. पुन्हा कारभारात येण्यासाठी त्यांना पाठबळ हवे होते. ते मुशीर-उल-मुल्कामार्फत निजामाकडून मिळाले. त्याची किंमत १७९६ च्या महाडच्या तहाने ठरली: खर्ड्याला जे मिळवले ते परत, उरलेली खंडणी माफ आणि दिवाण मुक्त.

यात एकट्या नानांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांना त्या थराला नेणारे शिंदे, बाजीराव आणि त्यांचे सल्लागार तितकेच उत्तरदायी आहेत. पण खर्ड्याचा तह निजामाने मोडला नाही, तो पुण्याने परत केला, हे कटू सत्य कोणत्याही अभिमानाने झाकता येणार नाही. सुटून गेलेल्या निजामाने १७९८ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि दख्खनची किल्ली कलकत्त्याच्या हाती गेली. धाराशिवचा प्रदेश, १८५३ ते १८६० हा इंग्रजी अमलाचा काळ वगळता, निजामाच्याच सत्तेखाली राहिला.

तो सुटला १९४८ मध्ये, आणि त्याआधीही वाटाघाटी झाल्याच होत्या. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला. त्याच्या आडून हैदराबादने पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज देऊ केले, भारतीय चलनावर निर्बंध घातले आणि रझाकारांना मोकळे रान दिले. त्यांची झळ सीमेवरच्या गावांनी सोसली. दिल्लीत नेहरू आणि पटेल यांच्यात या प्रश्नी मतभेद नव्हते असे नाही. मात्र आपले पारडे जड व्हावे म्हणून दोघांपैकी कोणीही हैदराबादच्या दारी गेले नाही. बोलणी संपली, तेव्हा १३ सप्टेंबरला सोलापूरकडून निघालेल्या सैन्याने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, आणि पाचव्या दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली.